पंधरा तासांची अट : बाल्टिमोरच्या शाळांतले आजी-आजोबा

आठवड्याला पंधरा तास. स्वयंसेवकांची कामे ज्यांनी सांभाळली आहेत त्यांना हा आकडा ऐकूनच धडकी भरेल. साठी ओलांडलेल्या माणसाकडे काम मागायचे तर थोडे मागावे, जमेल तेव्हा या म्हणावे, एखादा दिवस चुकला तर मनावर घेऊ नये, असा सगळीकडचा रिवाज आहे. बाल्टिमोरमध्ये १९९८ साली सरकारी प्राथमिक शाळांत सुरू झालेल्या ‘एक्स्पीरियन्स कोअर’ने हा रिवाज मोडला. (इंग्रजी स्पेलिंग पाहून आपल्यातले बरेच जण ‘कॉर्प्स’ म्हणतात. उच्चार ‘कोअर’. अर्थ पथक, सेनेतल्यासारखे.) वय किमान साठ, आठवड्याला किमान पंधरा तास, आणि तेही पूर्ण शालेय वर्षभर. या अटी ऐकून माणसे पळून जातील असे वाटते. ती आली, आणि पुष्कळशी टिकली.

हे प्रकरण मी निवडले ते या अटीसाठी. मुलांना वाचायला शिकवणारे ज्येष्ठ स्वयंसेवक अनेक ठिकाणी आहेत. पण स्वयंसेवकाच्या प्रकृतीवर काय परिणाम होईल याचा आधी हिशेब मांडून, त्या हिशेबातून कामाचे तास, जागा आणि माणसांची संख्या ठरवलेली मला फार थोड्या ठिकाणी दिसते. इथे ती ठरवली होती.

शहर

बाल्टिमोर हे अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातले बंदराचे शहर. १९५० साली लोकसंख्या साडेनऊ लाख, २००० साली साडेसहा लाख. स्पॅरोज पॉइंटच्या पोलाद कारखान्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीस तीस हजारांच्या आसपास माणसे होती. तो हळूहळू उतरणीला लागला आणि २०१२ मध्ये कायमचा बंद पडला. ज्यांची ऐपत होती त्यांनी उपनगरे गाठली. शहराच्या तिजोरीत कर कमी येऊ लागला की शाळेत पहिला फटका कशाला बसतो, हे शाळा चालवणाऱ्यांना विचारावे लागत नाही. ग्रंथपाल. बाल्टिमोरच्या काही प्राथमिक शाळांत ग्रंथालयाची खोली होती, पुस्तके होती, पण उघडून बसायला माणूस नसल्याने दाराला कुलूप होते. हे कुलूप लक्षात ठेवावे, पुढे ते कामाला येणार आहे.

त्याच वस्त्यांत राहणारे ज्येष्ठ कोण होते, हे या उपक्रमावरच्या पहिल्या अभ्यासातल्या आकड्यांवरून कळते. १९९९-२००० या वर्षी १२८ जणांना त्यात घेतले. वय ६० ते ८६. त्यातले ९५ टक्के आफ्रिकन-अमेरिकन, आणि ८४ टक्के लोकांचे वार्षिक उत्पन्न १५ हजार डॉलरच्या खाली. या वयांवरून एक साधी वजाबाकी करून पाहावी. त्यांच्यातली सर्वांत तरुण व्यक्ती साधारण १९३९ची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाप्रमाणे वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या १९५४च्या मे महिन्यात. बाल्टिमोरने त्याच वर्षी सप्टेंबरपासून आपल्या शाळा सर्वांना खुल्या केल्या. म्हणजे ही सर्वांत तरुण व्यक्ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. जे या शहरात किंवा दक्षिणेत वाढले त्यांचे सगळे प्राथमिक शिक्षण फक्त काळ्या मुलांसाठी ठेवलेल्या शाळांत झालेले. आता तीच माणसे नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी छोट्या खुर्चीवर बसून अक्षरे जुळवायला शिकवणार होती.

दुसरी गोष्ट अभ्यासांच्या तक्त्यांत नसते, पण शहरात होती. उपक्रमामागे संशोधनाचे बळ जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे. याच संस्थेच्या रुग्णालयात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या काळ्या रुग्ण स्त्रीच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता काढल्या गेल्या, आणि त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या. ‘आमच्या अभ्यासात सहभागी व्हा’ असे पत्र हॉपकिन्सकडून आले तर या वयाच्या माणसाने दोनदा विचार करणे साहजिक होते. म्हणून शाळांमधले रोजचे काम ‘ग्रेटर होमवूड कम्युनिटी कॉर्पोरेशन’ या वस्तीपातळीवरच्या संस्थेकडे असणे याला मी व्यवस्थापनाच्या सोयीपेक्षा जास्त महत्त्व देतो. दार कोण वाजवते यावर पुष्कळ काही ठरते.

कल्पना कुठून आली

जॉन गार्डनर हे लिंडन जॉन्सन यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्री होते. ज्येष्ठांचे अनुभवी पथक उभारावे ही कल्पना त्यांनी १९८०च्या दशकात मांडली होती. त्याआधी १९६५ पासून ‘फॉस्टर ग्रँडपेरंट’ म्हणजे मानलेले आजी-आजोबा ही सरकारी योजना होतीच. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना थोडे मानधन देऊन गरजू मुलांच्या सोबतीला बसवणारी. पुढे १९७०च्या दशकात ‘सीनियर कंपॅनियन’ आली, ज्यात ज्येष्ठच दुसऱ्या, अधिक थकलेल्या ज्येष्ठांना घरी जाऊन सोबत करतात. सामाजिक उद्योजक मार्क फ्रीडमन आणि वृद्धरोगतज्ज्ञ डॉ. लिंडा फ्रीड यांनी या परंपरेला नवे वळण दिले. (आडनावे मराठीत सारखी दिसतात, नाते काही नाही.) १९९५-९६ च्या सुमारास फिलाडेल्फिया, मिनियापोलिस, पोर्टलंड, न्यूयॉर्कचा साउथ ब्राँक्स आणि टेक्सासमधले पोर्ट आर्थर अशा पाच ठिकाणी प्रयोग झाले. बाल्टिमोरची पाळी त्यानंतर आली.

फ्रीडबाईंचा मूळ विषय अशक्तपणा. म्हातारपणातल्या ज्या अवस्थेला आपण ‘खंगणे’ म्हणतो तिची मोजता येईल अशी व्याख्या त्यांच्या गटाने २००१ साली मांडली, आणि ती आजही जगभर वापरतात. न ठरवता घटलेले वजन, सततचा थकवा, हाताच्या पकडीतली ताकद कमी होणे, चाल मंदावणे, हालचाल कमी होणे. पाचांतली तीन लक्षणे दिसली तर माणूस खंगलेला समजावा. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या कित्येकांच्या दुखण्यामागे सकाळी उठायला कारण नसणे हे एक दुखणे असते, आणि ‘काहीतरी अर्थपूर्ण करा’ असा सल्ला दिला तरी त्यांना तसे काम कुठे मिळत नाही, हे त्यांनी नंतर लिहिले आहे. ज्या डॉक्टरला हे दिसते तो सहसा व्यायामाचा तक्ता देतो. तक्ता फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच राहतो.

इथे कडू औषध गुळात घालून दिले गेले. ज्येष्ठांना कोणीही ‘तुमची तब्येत सुधारेल’ म्हणून बोलावले नाही. मुलांना तुमची गरज आहे, असे सांगितले. आणि ते खरे होते. चालणे, जिने चढणे, नवी माहिती डोक्यात ठेवणे, चार माणसांत बसणे ही सगळी मात्रा कामातच विरघळवलेली होती. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांनी पुढच्या पिढीसाठी काही करून ठेवण्याची जी प्रौढपणातली ओढ वर्णन केली, तिच्यावर हा सगळा डाव उभा होता. ओढ इतकी खरी असेल तर पंधरा तास जड वाटणार नाहीत, असे गृहीत.

काम नेमके काय होते

ज्येष्ठ किंडरगार्टनपासून तिसरीपर्यंतच्या वर्गांत काम करीत. यापुढचे वर्ग मुद्दाम वगळले. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते, त्यानंतर वाचून शिकते; जे तिसरीअखेर अडखळत वाचते ते पुढे गणितातही अडखळते, कारण गणिताचा प्रश्नही वाचावाच लागतो.

कामावर जाण्याआधी सुमारे तीस तासांचे प्रशिक्षण. महिन्याला खर्चापुरते मानधन, म्हणजे येण्याजाण्याचे आणि जेवणाचे पैसे भागावेत इतके. ८४ टक्के लोकांचे उत्पन्न जिथे १५ हजार डॉलरच्या खाली आहे तिथे बसभाडे हा किरकोळ खर्च नसतो. मानधन घेतले म्हणजे सेवाभाव बाटला, असे मानणाऱ्यांची संख्या सगळ्या देशांत मोठी आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे गाडी असते.

एका शाळेत एक-दोन ज्येष्ठ पाठवायचे नाहीत, पंधरा-वीस जणांचे पथक पाठवायचे, हा या रचनेतला मला सर्वांत शहाणा वाटलेला निर्णय. एकटी आजी शाळेत गेली तर ती पाहुणी. शिक्षक तिला खुर्ची देतात, आभार मानतात आणि दुसऱ्या महिन्यापासून झेरॉक्स काढायला पाठवतात. पंधरा जणी असतील तर शाळेला त्यांची दखल घ्यावीच लागते. मधल्या सुट्टीत, जिन्यावर, जेवणाच्या खोलीत त्या दिसत राहतात. वर्गाबाहेर धावणाऱ्या पोराला नावाने हाक मारणारे कुणीतरी असते. आणि ज्येष्ठांच्या बाजूने पाहिले तर आजारी पडून कुणी दोन दिवस आले नाही तर चौदा जण चौकशी करतात. एकट्याने राहणाऱ्या माणसाला ही चौकशी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

कामाचे प्रकार तीन-चार. मुलाशेजारी बसून वाचन करून घेणे, हे मुख्य. भांडणे सामोपचाराने मिटवायला शिकवणे. शाळेत न आलेल्या मुलांकडे लक्ष. आणि ग्रंथालय. ते कुलूप ज्येष्ठांनी उघडले.

ग्रंथालयाच्या कामाबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण बाहेरून ते सर्वांत निवांत काम वाटते आणि मेंदूच्या दृष्टीने ते तसे अजिबात नाही. समोर सात वर्षांचा मुलगा उभा आहे. त्याला डायनासोरचे पुस्तक हवे. त्याची वाचनाची पातळी काय, हे आठवायचे. त्या पातळीचे पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या दशांश क्रमांकाखाली आहे ते शोधायचे. मध्येच दुसरी मुलगी हाक मारते, तिला ‘आले’ म्हणायचे आणि पहिले काम डोक्यातून सुटू द्यायचे नाही. पुस्तक सापडले, ते त्याला अवघड जाणार असे दिसले, तर बेत बदलायचा. बेत आखणे, हातातले काम धरून ठेवणे, लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवणे, मोह आवरणे. मेंदूच्या पुढच्या भागाची हीच कामे वयाबरोबर लवकर ढिली पडतात, आणि हीच कामे एका तासात वीस वेळा करावी लागतात. शब्दकोडे सोडवताना एवढे होत नाही. शिवाय शब्दकोडे तुमची वाट पाहत दारात उभे राहत नाही.

मोजले तेव्हा काय दिसले

पहिल्या अभ्यासात १२८ जणांपैकी कोण शाळेत जाणार आणि कोण तुलनेच्या गटात राहणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर ठरवले. चार ते आठ महिन्यांनी पाहिले. निष्कर्ष २००४ साली छापले गेले. शाळेत जाणाऱ्यांची शारीरिक हालचाल आणि ताकद वाढली होती, अडीअडचणीला हाक मारता येईल अशा माणसांची संख्या वाढली होती, बौद्धिक हालचालही वाढली होती. चालण्याचा वेग दोन्ही गटांत घटला, पण शाळेत जाणाऱ्यांचा बराच कमी घटला. मला यातली हाक मारण्याजोग्या माणसांची ओळ सर्वांत मोलाची वाटते. वयाबरोबर ही यादी एकाच दिशेने जाते, आणि इथे ती उलटी फिरली होती.

मुलांच्या बाजूचा अभ्यास सहा शाळांतल्या १,१९४ मुलांचा. तिसरीची मुले राज्याच्या वाचनचाचणीत तुलनेच्या शाळांपेक्षा पुढे गेली. आणि वर्गातल्या गैरवर्तनाबद्दल मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या घटली. ही दुसरी गोष्ट मुख्याध्यापकांना पहिलीपेक्षा आधी जाणवते. चाचणीचा निकाल वर्षाने येतो. दारात उभी राहिलेली पोरे रोज मोजता येतात.

यानंतर मोठा अभ्यास झाला, ७०२ ज्येष्ठांचा, राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेच्या मदतीने, दोन वर्षे पाठपुरावा करून. त्याच्या पोटात मेंदूच्या प्रतिमा घेणारा छोटा अभ्यास होता. मिशेल कार्लसन यांच्या गटाने १११ जणांच्या मेंदूंची मापे २०१५ साली प्रसिद्ध केली. आठवणींशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग वय वाढते तसा दरवर्षी थोडाथोडा आक्रसतो. शाळेत जाणाऱ्या पुरुषांच्या मेंदूच्या मोजलेल्या भागांचे आकारमान दोन वर्षांत ०.७ ते १.६ टक्क्यांनी वाढलेले दिसले.

इथे हात आखडता घ्यायला हवा. सहभागींत पुरुष फार थोडे होते. संपूर्ण अभ्यासात सुमारे ८५ टक्के स्त्रिया. १११ जणांतले पुरुष, त्यातले निम्मे शाळेत गेलेले. इतक्या छोट्या गटात दिसलेला आकडा खरा असू शकतो, पण त्यावर घर बांधू नये. बायकांमध्ये परिणाम इतका ठळक दिसला नाही. त्याची कारणे अनेक असू शकतात. माझा तर्क असा की या वयाच्या बायकांचे आयुष्य शाळेआधीही रिकामे नव्हते. नातवंडे, चर्च, शेजार यांत त्या गुंतलेल्याच होत्या. पुरुष निवृत्त झाला की त्याचे जग एका खोलीएवढे होते, त्यामुळे त्याला शाळा मिळणे म्हणजे मोठी उडी. हा तर्क आहे, निष्कर्ष नव्हे.

अधिक विश्वासाने सांगता येण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १४९ जणांच्या तुलनेत, ज्यांची नियोजन आणि लक्ष सांभाळण्याची क्षमता सुरुवातीलाच घसरलेली होती, त्यांच्यातच सर्वांत जास्त सुधारणा दिसली. स्वयंसेवक निवडताना आपण चटपटीत निवृत्त शिक्षिका शोधतो. तिला या कामाचा फायदा सर्वांत कमी. जो थोडा विसराळू झाला आहे, अर्ज भरताना अडखळतो, ज्याला आपण ‘बघू, कळवतो’ म्हणून परत पाठवू, त्याला सर्वांत जास्त.

आणखी एक आकडा सगळीकडे फिरतो आणि चुकीचा फिरतो. २००९ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने बॉस्टन, न्यूयॉर्क आणि पोर्ट आर्थर इथल्या २३ शाळांतल्या याच उपक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. समजून वाचणे आणि नवे शब्द फोड करून वाचणे या दोन कौशल्यांत, ज्येष्ठांबरोबर शिकलेल्या मुलांची वर्षभरातली प्रगती इतर तशाच मुलांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त होती. याचे भाषांतर ‘मुले ६० टक्के चांगले वाचू लागली’ असे होते आणि भाषणांत टाळ्या घेते. जी मुले वर्षभरात फार थोडे पुढे सरकतात त्यांच्या थोड्यावर ६० टक्के, असा तो हिशेब आहे. चांगलाच आहे. पण चमत्कार नाही, आणि त्यात बाल्टिमोरही नाही.

पालक कुठे होते

या प्रकरणात मला खटकणारी गोष्ट ही. मूल शाळेत आठवड्यातून काही वेळ आजींशेजारी बसते आणि उरलेला वेळ घरी. कौटुंबिक साक्षरता या शब्दाचा अर्थच मुळी मूल आणि त्याला वाढवणारे मोठे माणूस यांनी एकत्र वाचायला शिकणे असा आहे. अमेरिकेत याची घडी १९८०च्या दशकाच्या अखेरीस बसली. केंटकी राज्यातल्या प्रयोगांतून पुढे आलेल्या पद्धतीत चार भाग असतात: मुलाचे शिक्षण, पालकाचे स्वतःचे शिक्षण, पालकत्वाविषयी बोलणे, आणि दोघांनी मिळून घालवायचा ठरावीक वेळ. हा शेवटचा भाग वगळला तर बाकीचे तीन सुटे वर्ग उरतात.

बाल्टिमोरमध्ये गंमत अशी की शाळांतले काम सांभाळणाऱ्या त्याच वस्तीसंस्थेकडे प्रौढांना वाचन, इंग्रजी आणि शालान्त समकक्ष परीक्षेची तयारी शिकवणारे केंद्रही होते. एकाच छपराखाली मुलाला शिकवणारी आजी आणि त्याच्या आईला शिकवू शकणारा वर्ग. पण अभ्यासाने मोजले ते ज्येष्ठांना आणि मुलांना. आई-बापांसाठी तक्त्यात रकाना नव्हता. जे मोजले जात नाही त्याला पुढच्या वर्षी पैसे मिळवणे किती अवघड, हे संस्था चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. मी त्या जागी असतो तर पथकातल्या पंधरांपैकी तिघांना शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे केले असते, काही न शिकवता, नुसते पालकांशी बोलायला. शाळेची चिठ्ठी घरी जाते तेव्हा ती वाचता न येणारा बाप ती खिशात ठेवतो. फाटकाशी उभ्या असलेल्या, त्याच गल्लीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो ती दाखवू शकतो. शिक्षिकेला दाखवणार नाही.

गाळणी

मोठ्या अभ्यासात येण्यासाठी ज्येष्ठांना तीन परीक्षा पार कराव्या लागत. गुन्हेगारी नोंद तपासणी. मुलांच्या आसपास काम असल्याने तिच्याशी कुणाचे भांडण नसावे. बुद्धीची छोटी चाचणी, तीसपैकी किमान चोवीस गुण. आणि वाचन किमान सहावीच्या पातळीचे.

तिसऱ्या अटीकडे पुन्हा एकदा त्या वजाबाकीच्या नजरेने पाहावे. ज्यांना लहानपणी वेगळ्या, कमी पैशांच्या शाळांत बसवले, ज्यांना शेतात किंवा घरकामाला लवकर जुंपले, त्यांच्यातले काही जण या अटीपाशी गळाले असणार. वाचता न येणाऱ्याला वाचन शिकवायला कसे ठेवणार, हा प्रश्न रास्त आहे. पण शाळेत भांडणे सोडवायचे काम होते, गैरहजर मुलांकडे बघायचे काम होते, पुस्तकांच्या गाड्या ढकलायचे काम होते. ज्या गावाला एक मूल वाढवायचे आहे त्या गावात निरक्षर आजीलाही जागा असते. अभ्यासाला मात्र सगळ्यांची मापे सारखी लागतात, आणि मापांसाठी माणसे सारखी लागतात. शास्त्र आणि सेवा यांचे हे भांडण इथे शास्त्राने जिंकले. त्याबद्दल मी तक्रार करीत नाही, कारण ते जिंकले म्हणूनच वरचे आकडे आपल्या हातात आहेत. पण हा उपक्रम दुसरीकडे उभारणाऱ्यांनी ती गाळणी उपक्रमाचाच भाग समजून जशीच्या तशी उचलू नये.

पंधरा तासांच्या अटीलाही अशीच दुसरी बाजू आहे. घरी आजारी नवरा असलेली बाई पंधरा तास काढू शकत नाही. डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जाणारा माणूस काढू शकत नाही. अट सैल केली तर ही माणसे आत येतील, पण मात्रा पातळ होईल. आठवड्यातले तीन तास चालून, जिने चढून चालीचा वेग टिकतो याचा पुरावा या अभ्यासांत नाही. २०११ पासून हा उपक्रम ज्येष्ठांची मोठी राष्ट्रीय संघटना असलेल्या एएआरपीकडे गेला आणि बऱ्याच शहरांत पसरला. उपक्रम पसरताना सर्वांत आधी तास कमी करावेसे वाटतात. मुलाला कदाचित त्याने फारसा फरक पडणार नाही, कारण त्याला दोन तासांची चांगली सोबतही पुरते. फरक पडेल तो त्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला.

खर्चाचा प्रश्नही याच जागी येतो. केवळ ज्येष्ठांच्या आरोग्याच्या रकान्यात बसवले तर हा उपक्रम महाग दिसतो: प्रशिक्षण, मानधन, प्रत्येक शाळेत समन्वयक. शाळाखाते म्हणते, आरोग्याचा फायदा आमच्या खिशात येत नाही. आरोग्यखाते म्हणते, वाचन आमचा विषय नाही. दोन खात्यांच्या मधोमध पडलेले काम नेहमी देणग्यांवर जगते.

चिठ्ठी न आलेले

मोठ्या अभ्यासातले ७०२ जण सगळे मुलांसोबत काम करायला म्हणूनच आले होते. त्यातल्या जवळपास निम्म्यांची चिठ्ठी तुलनेच्या गटाची निघाली. त्यांना शहराच्या वृद्धत्व व निवृत्तिविषयक आयोगाकडे पाठवले. तिथे थोड्या वेळाची, हलकी स्वयंसेवी कामे मिळत. दोन वर्षांनी त्यांना शाळेत येण्याची मुभा होती. साठीतल्या माणसाला दोन वर्षे थांबता येते. ऐंशीतल्याला ‘दोन वर्षांनी या’ सांगणे म्हणजे काय, हे त्या दिवशी फोन उचलून सांगणाऱ्या माणसाला विचारायला हवे होते.

चालीचा वेग, पकडीची ताकद, हिप्पोकॅम्पसची मापे देण्यासाठी ती माणसे मात्र ठरलेल्या वेळी येत राहिली. शाळेत गेलेल्यांचा फायदा किती झाला हे त्यांच्या घसरणीशी ताडूनच कळले.